पुराच्या दिवसांत बिनतारी संचास बॅटरी कोणती ?

कृष्णाकांठच्या शेतकऱ्यास पुराची भाषा शिकवावी लागत नाहीं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ४० फुटांवर आलें म्हणजे इशारा आणि ४५ फुटांवर आलें म्हणजे धोका, हें आमच्याकडील शाळकरी पोरहि सांगतें. ऑगस्ट २०१९ मध्यें तेथील पाणी ५७ फुटांच्याहि वर गेलें. त्या वेळीं काय काय बुडालें याची मोजदाद पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस आज निराळ्याच गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे. पाणी ओट्यास लागण्यापूर्वींच गांवची वीज जाते. पाण्यांत प्रवाह उतरून माणसें मरूं नयेत म्हणून ती मुद्दाम बंद करावी लागते. मग कांहीं तासांनीं मोबाइलच्या मनोऱ्याखालची बॅटरी संपते आणि हातांतला फोन मुका होतो. माणसें गच्चीवर, पाणी चहूंकडे, आणि “आम्ही येथें इतकीं आहों” एवढें सांगण्यासहि साधन नाहीं, अशी स्थिति होते.

अशा वेळीं उपयोगीं पडणारें साधन म्हणजे बिनतारी संच. परंतु संच कितीहि उत्तम असला तरी त्याचा प्राण बॅटरींत असतो. ती कोणती घ्यावी, घरांत आहे तिलाच कशी जुळवून घ्यावी, आणि मुख्य म्हणजे ती वेळेस दगा देणार नाहीं याची खात्री कशी करावी, याचा विचार शेतकऱ्यांच्या मासिकांत करणें अप्रस्तुत होणार नाहीं. कारण खेड्यांत बॅटऱ्या कोणाजवळ असतील तर त्या शेतकऱ्याजवळच आहेत.

एक जुनी चूक

प्रथम आमचीच चूक सांगतों. सन २००५ च्या पुरांत आम्ही एका कचेरीच्या पूरनियंत्रण कक्षांत रात्रपाळीस होतों. तेथें कपाटांत एक बिनतारी संच व त्याची बंद जातीची बॅटरी होती. तिची नोंदवही आमच्याच हस्ताक्षरांत असे. दर महिन्यास ‘बॅटरी तपासली, ठीक’ असा शेरा मारीत असूं. तपासणें म्हणजे काय, तर बटण फिरवून संचाचा दिवा लागतो कीं नाहीं तें पाहणें.

रात्रीं अडीचच्या सुमारास नदीपलीकडच्या एका गांवाहून संदेश येऊं लागला. गांवाचें नांव ऐकूं आलें. शाळेंत माणसें अडकलीं आहेत, एवढेंहि ऐकूं आलें. माणसें किती, त्यांत आजारी कोण, नाव कोणत्या अंगानें लावावी, हें विचारण्यासाठीं आम्हीं बोलण्याचें बटण दाबलें आणि संच बंद पडला. पुन्हां लावला, पुन्हां दिवा लागला. बटण दाबतांच पुन्हां विझला. शेवटीं शेजारच्या वस्तींतील एक शेतकरी भर पावसांत आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन आला. “भाऊसाहेब, ही रोज वापरांत हाय, ही दगा द्यायची न्हाई,” असें तो म्हणाला, आणि तसेंच झालें. पण मध्यें दोन तास गेले. त्या शाळेंत एक दिवस भरलेली बाई होती, हें आम्हांस पहांटे कळलें. सर्व मंडळी सुखरूप निघालीं, ही ईश्वराची कृपा.

त्या रात्रीं काय झालें तें पुढें समजलें. संच नुसता ऐकत असतां अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. बोलतांना तोच दहा अँपिअरपर्यंत जातो. कपाटांत पडून पडून जिच्या पत्र्यांवर गंधकी खार बसला आहे अशी बॅटरी अर्धा अँपिअर देते, दहा देऊं शकत नाहीं. आमचा शेरा खोटा नव्हता, पण तो दिव्याविषयींचा होता, बॅटरीविषयींचा नव्हता.

हौशी बिनतारी म्हणजे काय

सरकारी संचांखेरीज ‘हॅम रेडिओ’ या नांवानें ओळखलें जाणारें हौशी बिनतारी केंद्र कोणाहि सुजाण नागरिकास चालवितां येतें. त्यासाठीं केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षें पुरीं झालेलीं मुलेंहि ही परीक्षा देऊं शकतात. परवान्यावाचून प्रक्षेपण करणें बेकायदेशीर आहे, हें प्रथमच सांगून ठेवतों.

या हौशी मंडळींनीं संकटाच्या वेळीं केलेलें काम लहान नाहीं. २६ जानेवारी २००१ च्या भूज येथील भूकंपांत त्यांनीं निरोप पोंचविले. डिसेंबर २००४ मध्यें श्रीमती भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह हौशी प्रक्षेपणासाठीं पोर्ट ब्लेअर येथें गेल्या असतांच २६ तारखेस त्सुनामीची लाट आली. तेव्हां हौसेसाठीं नेलेला संच त्यांनीं लोकांच्या मदतीच्या निरोपांस लाविला.

आमच्या दोन जिल्ह्यांत तर या साधनाची गरज दुहेरी आहे. कोयनेची वीज साऱ्या महाराष्ट्रास उजेड देते. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरास भूकंप झाला तेव्हां त्या विजेचाच पुरवठा तुटला. २२ व २३ जुलै २०२१ रोजीं पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव, ढोकावळें येथें दरडी कोसळल्या. सांगलीकडे पाणी आणि साताऱ्याकडे दरड, अशी आमची वांटणी आहे.

त्याप्रमाणें संचहि दोन जातींचे लागतात. पलूस, वाळवें, मिरज या सपाट मुलखांत दोन मीटर लांबीच्या लहरींवर चालणारा मोटारींतला संच, उंच एरियल दिल्यास, वीस-पंचवीस किलोमीटर सहज बोलतो. पाटण-जावळीच्या खोऱ्यांत मात्र मध्यें डोंगर आला कीं या लहरी अडतात. तेथें चाळीस मीटरच्या लहरींचा संच घेऊन दोन झाडांच्या मध्यें आडवी तार बांधावी. लहर आकाशाकडे जाऊन परत खालीं येते आणि डोंगरापलीकडे उतरते. जशी जात, तशी बॅटरीची भूक निराळी.

आधीं भूक मोजा

बैल विकत घेतांना वैरणीचा हिशेब आपण आधीं करतों. येथेंहि तसेंच करावें. बॅटरीवर ‘अँपिअर-तास’ असा आंकडा असतो. एक अँपिअर प्रवाह एक तास घेतला तर एक अँपिअर-तास खर्च झाला.

मोटारींतला दोन मीटरचा संच ऐकतांना सुमारें अर्धा अँपिअर घेतो. दहा वॅट शक्तीवर बोलतांना सुमारें चार, आणि पन्नास वॅटवर दहा किंवा त्याहून अधिक घेतो. पुरांत दर तासास ठरलेला अर्धा तास ऐकण्याचा नेम ठेवला तर दिवसांत बारा तास ऐकणें झालें. त्याचे ६ अँपिअर-तास. बोलणें सर्व मिळून एक तास धरलें तर दहा वॅटवर त्याचे ४. एकूण दिवसाचे १०, आणि तीन दिवसांचे ३०. हेंच पन्नास वॅटवर बोललें तर दिवसाचे १६ होतात. म्हणून पहिला नियम असा कीं, निरोप स्पष्ट पोंचतो तितकीच कमींत कमी शक्ति लावावी, आणि निरोप आधीं कागदावर लिहून मग बटण दाबावें. हातांत बटण धरून विचार करीत बसणाऱ्याची बॅटरी लौकर संपते.

डोंगरांतला चाळीस मीटरचा मोठा, शंभर वॅटचा संच ऐकतांनाच एक अँपिअर घेतो व बोलतांना वीस-बावीसपर्यंत उसळतो. त्याऐवजीं पांच-दहा वॅटचा लहान संच घेतला तर ऐकण्यास अर्ध्याहून कमी व बोलण्यास सुमारें दोन अँपिअर पुरतात. पाठीवर घेऊन खिंड चढावयाची असेल तर हाच बरा.

कोणती बॅटरी घ्यावी

या संचांस १३.८ व्होल्ट लागतात, ११.७ पासून १५.८ पर्यंत बहुतेक संच सोसतात. हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे, म्हणजे पुढील निवड सोपी होते.

ट्रॅक्टरची बॅटरी शिशाची, १२ व्होल्टांची असते. तिचे पत्रे पातळ असून इंजिन सुरू करण्यास क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठीं ते केलेले असतात. तिला हळूहळू तळापर्यंत उपसली तर ती लौकर मरते. अर्ध्यापर्यंतच वापरावी, म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरींतून ४० घ्यावे. वरच्या हिशेबानें हे चार दिवसांस पुरतात. शिवाय ट्रॅक्टर उंचवट्यावर असेल तर तो सुरू करून तीच बॅटरी पुन्हां भरतां येते. मात्र इंजिन सुरू होईल इतकी शक्ति शिल्लक ठेवण्यास विसरूं नये.

घरच्या इन्व्हर्टरची नळीच्या पत्र्यांची बॅटरी सावकाश उपसण्यासाठींच केलेली असते. म्हणून कामास ती सर्वांत उत्तम. पण १५० अँपिअर-तासांची बॅटरी दोघांनींहि उचलतां उचलतां दम लागतो, आणि नावेंत तिरपी झाली तर तेजाब सांडतें. जेथें मजला उंच आहे व संच एकाच जागीं राहणार आहे तेथें ती ठेवावी. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट काढून त्याचे पुन्हां १२ करण्याचा द्राविडी प्राणायाम करूं नये; संच सरळ बॅटरीसच जोडावा.

पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी ही आमच्या मतें खेड्यांतली सर्वांत दुर्लक्षित वस्तु होय. पुष्कळ पंपांत १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बंद जातीची शिशाची बॅटरी असते. वजन दोन-अडीच किलो. आमच्या गांवांतील एका परवानाधारक तरुणाच्या संचावर आम्हीं दोन हंगाम वापरलेली अशी बॅटरी लावून पाहिली. दहा मिनिटांत एक मिनिट बोलणें व बाकी ऐकणें, असा नेम ठेवला. सहा तासांपेक्षां थोडी कमी ती चालली. एका बॅटरीनें पूर निघत नाहीं. पण भावकींत चार पंप असले तर एकेक पाळीनें लावून दिवस निघतो. आणि ऐन फवारणीच्या दिवसांत त्या भरलेल्याच असतात, हा मोठा लाभ.

लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी नवी घ्यावयाची असल्यास हीच घ्यावी. तिच्यांत ३.२ व्होल्टांचे चार सेल असतात, एकूण १२.८. ती जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते, म्हणून संच खुषींत चालतो. शिशाच्या बॅटरींतून निम्मी शक्ति घेतां येते, हिच्यांतून पांचांत चार हिस्से सहज. म्हणून तीन दिवसांच्या ३० अँपिअर-तासांस शिशाची ६० ची लागेल तेथें ही ४० ची पुरते, आणि वजनहि फार कमी. मात्र तिच्या पोटांतील रक्षक यंत्रणा किती अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊं देते तें वेष्टनावर वाचून घ्यावें. संचाच्या कमाल भुकेपेक्षां तो आंकडा मोठा हवा.

‘लिथियम’ एवढाच शब्द वाचून मात्र फसूं नये. कांहीं नव्या पंपांत साध्या लिथियमचे तीन सेल असतात. ते भरल्यावर १२.६ व उतरल्यावर ९ व्होल्ट होतात, संच ११.७ लाच कुरकुरूं लागतो, म्हणून निम्मी शक्ति आंतच राहते. चार सेल असले तर भरल्यावर १६.८ होतात आणि संच जळण्याचें भय असतें. विजेच्या सायकलीची ३६ किंवा ४८ व्होल्टांची बॅटरी तर सरळ कधींच लावूं नये. सौर कृषिपंपाच्या पट्ट्यांसहि हात लावूं नये. त्या एकीस एक जोडून शेंकडों व्होल्ट झालेले असतात.

जोडणी

पंपाची बॅटरी वापरतांना पंपाच्या मूळ तारा कापूं नयेत. बॅटरीच्या दोन टोंकांवरून दुसरी एक जोडतार काढावी. तांबडी तार धन टोंकास व काळी ऋण टोंकास, आणि तांबड्या तारेंत बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालावा. लहान संचास १० अँपिअरचा, मोटारींतल्या पन्नास वॅटच्या संचास २० चा. फ्यूज संचाजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा. कारण मधली तार घांसून उघडी पडली तर आग बॅटरीच्या शक्तीनें लागते.

तार जाड घ्यावी. बॅटरी दोन मीटर दूर असेल तर प्रवाहास जाऊन-येऊन चार मीटर चालावें लागतें. दहा अँपिअर प्रवाहास अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेंत सुमारें ०.३ व्होल्ट गळतात, पण एक चौरस मिलिमीटरच्या तारेंत सुमारें ०.७. बॅटरी १२ वर असतां संचास ११.३ च मिळाले तर तो बंद पडतो आणि दोष बॅटरीवर येतो.

दोन्ही टोंकांस असा जोड लावावा कीं तो एकाच बाजूनें बसेल. अंधारांत, भिजलेल्या हातांनीं, उलटी जोडणी व्हावयास क्षण लागत नाहीं; आणि ती झाली कीं संच गेला. गांवांतील सर्व बॅटऱ्यांस एकाच जातीचा जोड असावा, म्हणजे कोणाचीहि बॅटरी कोणाच्याहि संचास बसेल.

भरणें व जपणें

शिशाची बॅटरी नेहमीं पूर्ण भरून ठेवावी. रिकामी ठेवली तर पत्र्यांवर तोच खार बसतो, ज्यानें आम्हांस २००५ सालीं दगा दिला. पंप माळ्यावर टाकावयाचा असला तरी महिन्या-दोन महिन्यांनीं बॅटरी एकदां भरावी. पाण्याच्या बॅटरींत फक्त शुद्ध केलेलें पाणी घालावें. विहिरीचें घालूं नये. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो, तो ठिणगीनें पेटतो; म्हणून जेथें माणसें झोंपलीं आहेत किंवा चूल पेटली आहे अशा बंद खोलींत ती भरूं नये. पुरांत सारें घर एका खोलींत गोळा होतें, तेव्हां हें विशेष जपावें.

लिथियमची बॅटरी तिच्यासाठीं असलेल्या चार्जरनेंच भरावी. सौर पट्टीवर पावसाळ्यांत फार भिस्त ठेवूं नये. चाळीस वॅटची पट्टी कडक उन्हांत दोन अँपिअर देईल. श्रावणांतल्या काळ्या आभाळाखालीं ती त्याचा लहानसा अंशच देते. शिवाय स्वस्त नियंत्रकाचा खरखराट संचांत शिरतो. ऐकतांना तो सोडवून ठेवावा. पुराचा खरा आधार उंच जागीं नेऊन ठेवलेला ट्रॅक्टर व त्यांत शिल्लक ठेवलेलें डिझेल हाच.

शेरा कसा असावा

आतां परीक्षेची गोष्ट. बॅटरी भरून एक रात्र स्वस्थ ठेवावी. सकाळीं मल्टिमीटरनें पाहावी. चांगली शिशाची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे ती निम्मी आहे. पण एवढ्यावर थांबूं नये, कारण आजारी बॅटरीहि ओझ्यावांचून चांगला आंकडा दाखविते. पंपाच्या बॅटरीस मोटारीचा २१ वॅटचा दिवा दोन तास लावावा. दिवा जळत असतांना व्होल्ट ११.८ च्या खालीं गेले तर ती बॅटरी संचास लावूं नये. फवारणीसहि तिचा भरंवसा थोडाच. मोठ्या बॅटरीस ५५ वॅटचा पुढचा दिवा लावावा. शेवटीं संच जोडून खरोखरच एक मिनिट बोलून पाहावें. आमच्या जुन्या कचेरींत हें शेवटचें एक मिनिट कोणीं केलें असतें, तर त्या रात्रींचे दोन तास वांचले असते.

मग नोंदवहींत लिहावें. ‘ठीक’ हा शब्द लिहूं नये; तारीख, भरल्यावरचे व्होल्ट, दिव्याखालचे व्होल्ट, किती वेळ, आणि पाहणाराची सही, असे पांच रकाने असावे. आम्हीं आयुष्यभर रकाने भरले. पण ज्या रकान्यांत आंकडा असतो तोच वेळेवर बोलतो, हें आम्हांस उशिरां कळलें.

आमची मंडळाच्या सभासदांस एवढीच सूचना आहे. मृगापूर्वीं प्रत्येक नदीकांठच्या व डोंगरकपारीच्या गांवांत एक दिवस ठरवावा. त्या दिवशीं गांवांतल्या ट्रॅक्टरांच्या व पंपांच्या बॅटऱ्या एके ठिकाणीं आणून वरील परीक्षा घ्यावी, आणि कोणाची बॅटरी केव्हां द्यावयाची याची यादी पोलीस पाटलांजवळ ठेवावी. गांवांतील एक-दोन मुलामुलींस हौशी बिनतारीच्या परीक्षेस बसवावें. परीक्षा नीट झाली तर बॅटरी फवारणीस उपयोगीं पडेलच. पूर आला नाहीं तरी कांहीं वायां गेलें नाहीं. आणि पूर आलाच, तर “आम्ही येथें इतकीं आहों” हें वाक्य अर्ध्यावर तुटणार नाहीं.